पानाच्या पाठीवरचे दाणे

मृगाचा पाऊस पडून पंधरा-वीस दिवस झाले, की सांदवाडीतलं, म्हणजे घरामागच्या परसबागेतलं, वांग्याचं एखादं पान उलटून बघावं. वरून ते हिरवंगार असतं; पाठीवर मात्र हळदीत माखलेले बारीक तांदूळ उभे रोवावेत तसे वीस-पंचवीस पिवळे दाणे. पाहणाऱ्याचा अंगठा आपसूक पुढे होतो आणि एका घासणीत सगळं पुसून टाकतो. वांग्यावर तो अंगठा बहुतेक वेळा बरोबरच असतो. पण दोन हातांवर बरबटीच्या (चवळीच्या) वेलाला मावा ही रस शोषणारी बारीक कीड लागलेली असते, तिथल्या पानामागेही असेच पिवळे दाणे असतात, आणि तिथे तोच अंगठा मोठं नुकसान करून बसतो. वांग्यावरचे दाणे पान खरवडणाऱ्या भुंग्याचे, बरबटीवरचे मावा खाणाऱ्या ढालकिड्याचे. रंग एक, आकार जवळजवळ एक, कूळसुद्धा एकच.

म्हणून अंडी ओळखताना रंगाला सगळ्यात शेवटी विचारावं, असं माझं ठाम मत आहे. आधी झाड कोणतं, मग झाडाचा कोणता भाग, अंडं एकटं की घोळक्यात, घोळका असेल तर त्याची मांडणी कशी, आजूबाजूला कोण आहे, मग आकार, आणि मग रंग. रंग तर रोज बदलतो. आज दुधी असलेलं अंडं परवा तपकिरी होतं आणि फुटायच्या आधी करडं पडतं. जागा बदलत नाही. अंडं पानावर पडलेलं नसतं, ठेवलेलं असतं. फुलपाखराची मादी पानावर उतरते ती पुढच्या पायांनी त्याची चव घेते, हे आपल्या पिल्लांचं अन्न आहे अशी खात्री झाली की मगच पोटाचं टोक वाकवते. आपल्याला वाचायचा असतो तो तिचा निर्णय.

साधनं फारशी लागत नाहीत. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरे. ते डोळ्याजवळ धरायचं आणि पान हळूहळू भिंगाकडे आणायचं, इंचभर अंतरावर चित्र स्पष्ट होतं. भिंग पानावर टेकवून दुरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. उजेड बाजूने पडू द्यावा, समोरून पडला की अंड्यावरच्या रेघा बुजतात. मापाला घरातलेच दाणे बरे: मोहरी, राजगिरा, खसखस. लिंबावरच्या फुलपाखराचं अंडं राजगिऱ्याएवढं, घाटेअळीचं खसखशीच्या निम्मं, पांढऱ्या माशीचं तर नुसत्या डोळ्यांना धुळीसारखं. वेळ सकाळची, ऊन चढायच्या आत. पान तोडायचं नाही. तळहात खाली घालून हळूच उलटायचं.

एकटं अंडं आणि घोळका, हा पहिला मोठा फरक. त्यामागे मादीचा हिशेब असतो. घाटेअळी आपल्याच भावंडांना खाते, त्यामुळे तिची आई एका जागी एकच अंडं ठेवते आणि पुढे उडते. तुरीच्या कळ्यांवर, हरभऱ्याच्या कोवळ्या शेंड्यावर, भेदरांच्या (टोमॅटोच्या) फुलाजवळच्या पानांवर हे अंडं सापडतं. तळाशी चपटं, वर घुमटासारखं, शेंड्यापासून खाली उतरणाऱ्या बारीक रेघा, रंग पिवळट पांढरा. फुटायच्या आधी त्यावर तपकिरी कडं दिसतं. कडं दिसलं म्हणजे अळी दाराशी आली. एवढ्या मोठ्या वावरात ही अंडी कोणी वेचत बसणार नाही, पण सांदवाडीतल्या दहा-बारा भेदरांच्या झाडांवर सकाळची दहा मिनिटं दिली तर वेचता येतात. अळी एकदा फळात शिरली की तिला बाहेर काढणारा उपाय नाही.

भेंडीच्या कोवळ्या कळीवर निळसर हिरवं, खाचाखाचांचं, मुकुट घातल्यासारखं बारीक अंडं असेल तर ते ठिपक्यांच्या बोंडअळीचं. हीच पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवरही येते. वांग्यातल्या शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीचं अंडं पांढरट आणि चपटं असतं, पानामागे किंवा फळाच्या टोपीजवळ एकेकटं, आणि रात्री घातलेलं. ते शोधायला भिंगासोबत चिकाटीही हवी. मी तर अंडं शोधण्यापेक्षा वाळलेला शेंडा बोटभर खालून कापून नष्ट करण्यावर जास्त भरवसा ठेवेन.

लिंबाच्या कुळाकडे वळलं की विदर्भात संत्र्याचं नाव आधी येतं. काटोल, वरुड, मोर्शीच्या बागांत नवती फुटते तेव्हा त्या कोवळ्या, चकचकीत पानांवर फिकट पिवळा, गुळगुळीत, एकदम गोल मणी एकटाच बसलेला दिसतो. हे लिंबावरच्या फुलपाखराचं अंडं. हाच मणी गोडलिंबावर (कढीपत्त्यावर), बेलावर आणि कवठावरही मिळतो, कारण ही सगळी एकाच कुळातली झाडं आहेत आणि मादीला त्या कुळाचा वास कळतो. तीन ते सहा दिवसांत त्यातून पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी निघते, मोठी झाल्यावर ती हिरवी होते. दहा वर्षांच्या संत्र्याला अशा चार अळ्यांनी काही होत नाही, तिथे मणी राहू द्यावा. नर्सरीतल्या वीतभर रोपाची मात्र तीन-चार अळ्या सगळी पानं संपवतात. तिथे मणी वेचावाच.

त्याच नवतीत, पण अजून न उलगडलेल्या पानांच्या घडीत, बदामाच्या आकाराची गर्द पिवळी, अगदी बारीक अंडी खोचलेली दिसली तर ती सायला किडीची. इथे थांबायचं नाही. सायला पानातला रस तर शोषतेच, शिवाय ग्रीनिंगचा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. आणि जून होत चाललेल्या पानामागे डासांच्या कॉइलसारखी वळत गेलेली बारीक दाण्यांची ओळ दिसली, तर ती कोळशीची काळी माशी. ही अंडी आधी पिवळसर असतात, मग काळपट होतात. माशीच्या पिल्लांच्या चिकट गोड विष्ठेवर काळी बुरशी वाढते, पान आणि फळ काजळी फासल्यासारखं होतं; कोळशी हे नाव त्यावरूनच पडलं. पानाच्या वरच्या बाजूची काजळी पाहून जाग येते तेव्हा पाठीवरच्या गोलाव्याला कितीतरी दिवस होऊन गेलेले असतात. पेरूच्या पानामागेही असा गोलावा दिसतो, पण तो पांढऱ्या मेणाचा, बोटाने पीठ ओढावं तसा; ती वेगळी, चक्राकार पांढरी माशी.

आता घोळक्यातली अंडी. ती झाकलेली आहेत की उघडी, हे पहिल्यांदा पाहावं. एरंडी, फुलकोबी, सोयाबीन किंवा केळीच्या पानावर बदामी रंगाच्या लवेचा नखाएवढा ठिपका दिसतो, जणू कोणी जुन्या गादीतला कापूस चिकटवला. ही लव मादीने आपल्याच पोटावरची काढून अंड्यांवर पसरलेली असते, आणि खाली दोनशे-तीनशे अंडी थरांत दडलेली असतात. हा तंबाखूवरील पानं खाणाऱ्या अळीचा अंडीपुंज. मक्यावर असाच करडा पुंज असेल तर तो बहुधा अमेरिकन लष्करी अळीचा. ती भारतात २०१८ साली पहिल्यांदा सापडली. केसाळ अळीची अंडी मात्र उघडी असतात: पानामागे फिकट हिरव्या गोल मोत्यांचा सपाट घोळका, एकही केस नाही.

या पुंजांच्या बाबतीत दिवसांचा हिशेब फार महत्त्वाचा आहे. अंडी तीन ते पाच दिवसांत फुटतात. फुटल्यावर लहान अळ्या काही दिवस एकत्रच राहून पानाची पाठ खरवडतात, पान कागदासारखं पांढुरकं, जाळीदार होतं. तोवरही एक पान तोडलं की तीनशे अळ्या जातात. तिसऱ्यांदा कात टाकेपर्यंत त्या पांगलेल्या असतात, मग प्रत्येकीच्या मागे धावावं लागतं. एरंडी ही या मादीची आवडती. म्हणून सोयाबीनच्या धुऱ्यावर एरंडीची चार झाडं लावतात, पण लावून विसरून जातात. सापळा म्हणून लावलेलं झाड आठवड्यातून दोनदा तपासलं नाही, तर ते किडीचं पाळणाघर होतं.

वांगं आणि बरबटीकडे परत येतो. या दोन पिवळ्या घोळक्यांत फरक करायच्या खुणा बारीक आहेत, पण पक्क्या आहेत. वांग्यावरच्या अठ्ठावीस ठिपक्यांच्या भुंग्याची अंडी सैल मांडलेली असतात, दोन दाण्यांमध्ये फट दिसते. मावा खाणाऱ्या ढालकिड्याची अंडी एकमेकांना खेटून असतात. पहिल्यांच्या शेजारी पानाची खरवडलेली, शिडीसारखी रेघांची जाळी असते; दुसऱ्यांच्या शेजारी मावा किंवा पांढरी माशी असते. भुंगा स्वतः तिथेच असेल तर त्याची पाठ बघावी: पान खाणाऱ्याची पाठ बारीक लवेमुळे मळकट दिसते, मावा खाणाऱ्याची तेल लावल्यासारखी चकाकते. तरीही शंका उरली तर चार दिवस थांबावं. पिवळ्या, फांद्याफांद्यांच्या काट्यांच्या गुबगुबीत अळ्या निघाल्या तर त्या भाजीच्या शत्रू. काळपट, लांबट, चपळ, मगरीच्या पिल्लासारख्या निघाल्या तर त्या राखायच्या. चार दिवसांत वीस अंड्यांनी वांग्याचं झाड मरत नाही. घाईत मारलेला ढालकिडा मात्र त्या हंगामात परत आणता येत नाही.

माव्याच्या वस्तीजवळ आणखी दोन अंडी ओळखीची हवीत. एक सिरफिड माशीचं: आडवं पडलेलं, पांढरंशुभ्र, तांदळाच्या कणीसारखं, एकटं. दुसरं तर कोणीही एकदा पाहिलं की विसरणार नाही. पानावर केसासारखा पांढरा धागा उभा, बोटाच्या पेराच्या निम्म्या उंचीचा, आणि त्याच्या टोकावर हिरवट अंडं तोललेलं. असे आठ-दहा धागे जवळजवळ. हे क्रायसोपाचं, म्हणजे जाळीदार हिरव्या पंखांच्या त्या नाजूक किड्याचं. मादी पानावर चिकट थेंब टेकवते, पोट वर उचलून त्याचा धागा ओढते, हवेत तो लगेच कडक होतो, आणि टोकावर अंडं बसवते. तिची पिल्लं इतकी खादाड असतात की समोर आलेलं भावंडही सोडत नाहीत. शिवाय मुंग्याही फिरत असतात. म्हणून प्रत्येकाला असा वेगळा माळा. आपण दुर्मीळ गोष्टीला उंबराचं फूल म्हणतो; चीन-कोरियाकडे बुद्धाच्या मूर्तीवर वगैरे असे धागे उगवलेले पाहून लोकांनी उंबराचं फूल फुललं असं मानलं, आणि जाणकारांनी ती या किड्याची अंडी असल्याचं सांगितलं. पाच-दहा पानं उलटली तर हे फूल आपल्या मिरचीवरही सापडतं. बुरशी समजून त्यावर फवारा मारणारे पुष्कळ आहेत, त्यांना हे कळायला हवं असं फार वाटतं.

झाडांवरच्या ढेकणांची अंडी ओळखायला सगळ्यात सोपी. बारीक पिंप, एकाला एक चिकटून रांगेत लावलेली, प्रत्येकाला वर गोल झाकण. तुरीच्या, बरबटीच्या पानामागे अशी ५०-१०० पिंपं षटकोनी शिस्तीत दिसली तर ती हिरव्या ढेकणाची. आधी फिकट पिवळी, मग नारिंगी. वालावरच्या लहान गोल ढेकणाची अंडी दोन समांतर ओळींत असतात, आणि त्यांच्या खाली अधूनमधून तपकिरी कण चिकटवलेले असतात. ती घाण नव्हे. त्या कणांत पिल्लांच्या पोटात जायलाच हवेत असे जिवाणू असतात. अंड्यातून निघालेलं पिल्लू पहिल्यांदा तेच चोखतं, ते मिळालं नाही तर नीट वाढत नाही. पिंपांच्या काठावर पापण्यांच्या केसांसारखे लांब काटे गोल लावलेले असतील, तर हात मागे घ्यावा. तो अळ्या टोचून खाणाऱ्या ढेकणांचा घोळका आहे.

काही गोष्टी अंडी नसतातच, आणि त्यांच्यापायी औषधाची सगळ्यात जास्त नासाडी होते. भेंडीच्या देठावर, पानाच्या शिरांवर काचेच्या मण्यांसारखे पारदर्शक थेंब असतात; ते झाडाचेच, बोटाने चिरडले की पाणी होतात. माव्याची पांढरी टरफलं म्हणजे त्याने टाकलेली कात. आपल्याकडच्या हवेत मावा अंडी घालतच नाही, थेट जिवंत पिल्लं देतो. करंजाच्या पानावरच्या फोडी सूक्ष्म कोळ्यांमुळे येतात. जास्वंदाच्या शेंड्यातला कापूस पिठ्या ढेकणाचा. त्याच्या आत अंडी असतात खरी, पण ओळखायचा तो कापूसच. आणि मरतुकड्या अळीच्या अंगावर किंवा शेजारी तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे-पिवळे रेशमी कोष दिसले, तर ती अळीची अंडी मुळीच नव्हेत. अळी कधी अंडी घालत नाही. ते अळीच्या आत वाढून बाहेर पडलेल्या परोपजीवी माशीचे कोष आहेत. अशी अळी मारणं म्हणजे त्या माशीची पुढची पिढी मारणं.

उलट, जे दिसत नाही त्याचाही अंदाज हवा. तुडतुडे शिरेच्या आत अंडी खुपसतात, फुलकिडे पानाच्या गाभ्यात, तांबडे भुंगेरे वेलाच्या बुडाशी मातीत. सोयाबीनच्या देठावर दोन समांतर गोल खाचा दिसल्या तर चक्रीभुंग्याने त्या दोन रिंगांच्या मध्ये आत अंडं घातलेलं असतं. खालच्या रिंगेच्या खालून देठ तोडला की प्रश्न तिथेच मिटतो.

ओळख पटत नसेल तर अंडं वाढवून बघावं, यासारखा खात्रीचा मार्ग नाही. पान देठासकट कात्रीने कापावं. देठाला ओला कापूस गुंडाळून इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत खोचावा, बाटली रुंद तोंडाच्या बरणीत ठेवावी आणि तोंडाला मलमलीचं फडकं बांधावं. घट्ट झाकण लावलं की आत दव धरतो आणि पहिल्या दिवसाची अळी त्या थेंबात बुडून मरते. बहुतेकांचं इथेच चुकतं. बरणी उन्हात नको, चुलीजवळ नको. चिठ्ठीवर झाडाचं नाव, जागा आणि तारीख लिहावी. फोटो काढायचा तर एक जवळून, रुपयाच्या नाण्यासोबत, आणि एक संपूर्ण पानाचा, शेंड्यासकट. कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात दाखवायला नुसत्या ठिपक्याचा फोटो नेला तर तिथलेही काय सांगणार? झाडाचं नाव आणि तारीख सोबत असली की निम्मं काम होतं. पावसाळ्यात तीन-चार दिवसांत फुटणारी अंडी पौषाच्या थंडीत दुप्पट दिवस घेतात, तेव्हा लवकर निराश होऊ नये. दहा-बारा दिवसांनी अंडं खचलं, सुरकुतलं, तर ते वांझ.

आणि अंडं काळं पडलं तर? आपली माणसं म्हणतात, सडलं. पतंगाचं अंडं एकसारखं काळं पडलं असेल, तर बहुतेक वेळा त्यात ट्रायकोग्रामा ही किडींच्या अंड्यांवर जगणारी मित्रमाशी वाढत असते, टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान. दुकानात ट्रायकोकार्ड म्हणून जे मिळतं, त्यावर अशीच काळी, प्रयोगशाळेत वाढवलेली अंडी चिकटवलेली असतात. म्हणजे आपल्या पानावर काळी अंडी दिसली तर ते कार्ड फुकटात आलेलं आहे. ते पान तसंच राहू द्यावं आणि आठवडाभर त्या झाडावर काही फवारू नये. पुंजात अर्धी काळी, अर्धी फिकट अंडी असतील तर पान तोडून वाटीत ठेवावं, आणि वाटी साबणाच्या पाण्याने भरलेल्या ताटलीत, वारा न लागणाऱ्या ओसरीवर. माशा उडून जातात, अळ्यांना पाणी ओलांडता येत नाही. एकही काळं नसलेला पुंज सरळ साबणाच्या पाण्यात बुडवावा. फवारणी करायचीच झाली तर निंबोळीची: लिटरला ५० ग्रॅम वाळलेली निंबोळी कुटून रात्रभर भिजवायची, सकाळी गाळून थोडा साबण मिसळायचा, आणि संध्याकाळी पानाच्या पाठीवर मारायची. तिने आधीच घातलेली सगळी अंडी मरत नाहीत. पण नवी मादी त्या पानावर उतरायला कचरते आणि निघालेल्या अळीची भूक मरते.

अंडं फुटून गेल्यावरही कवच वाचता येतं. ढेकणाच्या पिंपाचं झाकण नीट गोल उघडलेलं असेल तर पिल्लू निघालं. बाजूला कुरतडल्यासारखं वेडंवाकडं भोक असेल तर आतून माशी निघाली. क्रायसोपाच्या धाग्यावर पांढरं, रिकामं टोक डोलत राहतं, कधीकधी आठवडाभर. लिंबावरच्या फुलपाखराची अळी मात्र बाहेर पडल्याबरोबर स्वतःचं कवचच आधी खाते. तिच्या पानावर फक्त एक गोल, चिकट खूण उरते, आणि त्या खुणेपासून बोटभर अंतरावर, शिरेच्या कडेला, ती स्वतः बसलेली सापडते.